जीवाणूंचे फोलेट आणि ते अडवणारी औषधे

मानवी शरीराला फोलेट तयार करता येत नाही. पालेभाज्या, डाळी, कडधान्ये, यकृत अशा अन्नातून ते घ्यावे लागते, आणि आतड्यातून पेशींपर्यंत ते पोचवणारी वाहक प्रथिने शरीरात असतात. बहुतेक रोगकारक जीवाणूंची स्थिती याच्या उलट आहे. बाहेरचे तयार फोलेट आत ओढून घेण्याची सोय त्यांच्यात नसते, त्यामुळे लागणारे सगळे फोलेट ते स्वतःच घडवतात. सल्फा औषधे, कुष्ठरोगावरचे डॅप्सोन, क्षयावरचे पास आणि ट्रायमेथोप्रिम ही सारी औषधे जीवाणूंच्या याच कारखान्यावर घाला घालतात. या गटाची ताकद, त्याच्या मर्यादा, त्याविरुद्धचा प्रतिकार आणि त्याचे बरेचसे दुष्परिणाम एकाच रासायनिक मार्गावरून समजून घेता येतात. औषधशास्त्रात इतकी उलगडून दाखवता येणारी उदाहरणे फार नाहीत.

फोलेटचे काम एक-कार्बनी गटांची ने-आण करण्याचे आहे. त्याचे कार्यक्षम रूप म्हणजे टेट्राहायड्रोफोलेट. ते सेरीनसारख्या अमिनो आम्लाकडून एक कार्बन उचलते आणि जिथे नवा रेणू जोडला जात असेल तिथे देते. डीएनए आणि आरएनएमधल्या प्युरीन बेसच्या वलयात असे दोन कार्बन बसतात. मिथिओनिन तयार होण्यासाठी ते लागते. जीवाणूंमध्ये प्रत्येक प्रथिनाची बांधणी फॉर्मिल-मिथिओनिनने सुरू होते, आणि तो फॉर्मिल गटही फोलेटकडूनच येतो. सर्वांत नाजूक जागा मात्र थायमिनची आहे. डीएनएचा हा घटक तयार करताना टेट्राहायड्रोफोलेट आपला कार्बन तर देतेच, शिवाय हायड्रोजनही गमावते आणि डायहायड्रोफोलेट होऊन बसते. इतर बहुतेक अभिक्रियांमध्ये वाहक आपल्या मूळ अवस्थेत परततो, इथे तो निकामी होऊन बाहेर पडतो. त्याला पुन्हा कामाचे करण्यासाठी वेगळे एन्झाइम लागते, आणि ट्रायमेथोप्रिमचा नेम त्यावरच आहे.

फोलेटचा रेणू तीन तुकड्यांचा असतो: टेरिन नावाचे दुहेरी वलय, मधोमध पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल म्हणजे पाबा, आणि टोकाला ग्लुटामिक आम्ल. जीवाणू टेरिनचा तुकडा जीटीपीपासून बनवतो आणि त्याला पायरोफॉस्फेट जोडून अभिक्रियेसाठी सज्ज करतो. पाबा कोरिस्मेटपासून तयार होते. डायहायड्रोटेरोएट सिंथेज हे एन्झाइम या दोघांना एकत्र जोडते. नंतर ग्लुटामेट जोडले जाऊन डायहायड्रोफोलेट मिळते, आणि डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे एन्झाइम त्यात हायड्रोजन घालून टेट्राहायड्रोफोलेट करते. या लांब साखळीतल्या दोनच कड्यांवर आजची जवळजवळ सारी औषधे काम करतात. सिंथेजवर सल्फा आणि डॅप्सोन, रिडक्टेजवर ट्रायमेथोप्रिम. सिंथेज मानवी पेशीत मुळीच नाही. रिडक्टेज आहे, पण त्याची घडण वेगळी आहे. हा भेद पुढे दुष्परिणामांच्या संदर्भात पुन्हा महत्त्वाचा ठरतो.

यातले काहीही ठाऊक नसताना पहिले औषध हाती आले. जर्मनीत एल्बरफेल्ड येथील बायरच्या प्रयोगशाळेत जोसेफ क्लारर आणि फ्रिट्झ मिएट्झ्श हे रसायनज्ञ रंगद्रव्ये तयार करीत, आणि गेरहार्ट डोमाक ती स्ट्रेप्टोकॉकसने आजारी केलेल्या उंदरांवर तपासत. १९३२ च्या अखेरीस प्रोंटोसिल या तांबड्या रंगद्रव्याने उंदीर वाचले, आणि १९३५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गूढ असे होते की काचनळीतल्या जीवाणूंवर प्रोंटोसिलचा काहीच परिणाम होत नव्हता. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्रेफुएल दांपत्य, नित्ती आणि बोव्हे यांनी ते सोडवले: शरीरात हा रेणू तुटतो आणि त्यातून निघणारे रंगहीन सल्फानिलामाइड हेच खरे औषध. सल्फानिलामाइड १९०८ मध्येच व्हिएन्नात तयार झालेले होते, म्हणजे हे परिणामकारक जीवाणूरोधक औषध पाव शतकाहून अधिक काळ बाटलीत पडून होते. १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लिओनार्ड कोलब्रुक यांनी सूतिकाज्वराच्या ३८ रुग्णांना प्रोंटोसिल दिले, त्यांपैकी ३ दगावल्या. बाळंतपणानंतरच्या तापाने स्त्रिया मोठ्या संख्येने मरत होत्या, त्या काळात हा आकडा अविश्वसनीय होता. डोमाक यांना १९३९ चे नोबेल जाहीर झाले, पण नाझी सरकारने ते स्वीकारू दिले नाही. पदक आणि मानपत्र त्यांना १९४७ मध्ये मिळाले.

औषध कसे चालते याचा पहिला धागा डोनाल्ड वुड्स यांनी १९४० मध्ये पकडला. यीस्टच्या अर्कात असे काहीतरी होते जे सल्फाचा परिणाम पुसून टाकत होते. वुड्स यांनी ते पाबा असल्याचे दाखवले. सल्फानिलामाइड आणि पाबा यांची आकृती शेजारी ठेवली की कारण डोळ्यांना दिसते: बेंझिनचे तेच वलय, एका टोकाला तोच अमिनो गट, आणि दुसऱ्या टोकाला कार्बॉक्सिलच्या जागी जवळजवळ त्याच मापाचा सल्फोनामाइड गट. पाबाची अगदी थोडी मात्रा कित्येक पट सल्फाला निष्प्रभ करू शकत होती, म्हणजे दोघे एकाच जागेसाठी झगडत होते. त्या जागेवर नेमके काय घडवले जाते हे मात्र तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, कारण फोलेटची रचनाच उलगडलेली नव्हती.

तो दुसरा धागा मुंबईतून येतो. ल्युसी विल्स या ब्रिटिश वैद्यक संशोधक १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांनी गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास केला. या स्त्रियांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी होत्या आणि असलेल्या पेशी आकाराने मोठ्या होत्या. आहारात काहीतरी कमी पडते आहे असा त्यांचा तर्क होता. यकृताचा अर्क महाग, म्हणून त्यांनी मार्माइट हा स्वस्त यीस्ट-अर्क वापरून पाहिला आणि रक्त झपाट्याने सुधारले. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यीस्टमधला तो अनोळखी घटक म्हणजेच फोलेट. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील लेडरली प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या संशोधकांनी फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले आणि त्याची रचना निश्चित झाली. तिच्या मधोमध पाबा सापडले, तेव्हा वुड्स यांच्या निरीक्षणाचा अर्थ पूर्ण झाला. गिरणगावातल्या रक्तक्षयाचा शोध आणि स्ट्रेप्टोकॉकसवरच्या औषधाचा शोध एकाच रेणूपाशी येऊन मिळाले.

सल्फा सिंथेजची जागा अडवते, एवढे सांगून पुष्कळ पुस्तके थांबतात. ते अपुरे आहे. एन्झाइम सल्फाला नुसते चिकटून राहत नाही, त्याला पाबा समजून टेरिनशी जोडूनही टाकते. तयार होणाऱ्या या जोडरेणूपासून फोलेट बनू शकत नाही, आणि त्यात जीवाणूचे टेरिनही वाया जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिक-अभ्यासांतून ही अभिक्रिया टप्प्याटप्प्याने दिसली. शिवाय हेही दिसले की सल्फा पाबाला वाटून दिलेल्या जागेच्या किंचित बाहेर डोकावते. हा थोडासा बाहेर आलेला भाग प्रतिकाराच्या दृष्टीने निर्णायक आहे, कारण एन्झाइमला पाबा न गमावता सल्फाला हुसकावण्याची संधी तिथेच मिळते.

वैद्यकीय वापरातल्या अनेक गोष्टी या यंत्रणेतून थेट निघतात. सल्फा दिल्यावर जीवाणू लगेच थांबत नाहीत. आधीचा फोलेटचा साठा त्यांच्याकडे असतो आणि पुढच्या काही पिढ्या तो वाटून घेत वाढतात, साठा विरळ झाल्यावरच वाढ खुंटते. म्हणून सल्फा जीवाणू मारत नाही, रोखते, आणि उरलेले काम शरीराच्या प्रतिकारशक्तीला करावे लागते. पू साचलेल्या जागी ते हमखास कमी पडते. पुवात मेलेल्या पेशींचा कचरा असतो, त्यात थायमिडिन आणि प्युरीन तयार स्वरूपात मिळतात, मग जीवाणूला फोलेटची गरजच उरत नाही. गळू फोडून पू काढून टाकणे म्हणजे या औषधासाठी रस्ता मोकळा करणे होय. प्रोकेन या भूल देणाऱ्या औषधाचे विघटन होऊन पाबा सुटते, म्हणून जखमेवर दोन्ही एकत्र वापरल्यास सल्फाचा जोर कमी होतो. प्रयोगशाळेतली चाचणीही याच कारणाने फसवू शकते: वाढ-माध्यमात थायमिडिन जास्त असेल तर संवेदनशील जीवाणूही प्रतिकारक भासतो. एन्टेरोकॉकस तर बाहेरचे फोलेट आणि थायमिडिन दोन्ही वापरू शकतो, त्यामुळे काचनळीत तो मरत असला तरी रुग्णात या औषधांवर विसंबणे धोक्याचे.

दुसऱ्या कडीवरचा नेम अधिक योजनापूर्वक होता. बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी न्यूक्लिक आम्लांच्या घटकांसारखे दिसणारे रेणू घडवून त्यांचा परिणाम पाहण्याचा कार्यक्रम चालवला. त्या वाटेवर मलेरियावरचे पायरिमेथामिन आणि जीवाणूंवरचे ट्रायमेथोप्रिम मिळाले. १९८८ चे नोबेल या दोघांना जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज माणसातही असल्यामुळे औषध निवडक असणे अत्यावश्यक होते. मेथोट्रेक्सेट तसे नाही. ते माणसाच्या आणि जीवाणूच्या रिडक्टेजला सारख्याच घट्टपणे धरते, म्हणून त्याचा उपयोग कर्करोगात आणि संधिवातात होतो. ट्रायमेथोप्रिम ई. कोलायच्या रिडक्टेजला ज्या मात्रेत रोखते, त्याच्या दहा-हजारांच्या पटीत मात्रा मानवी रिडक्टेजला रोखायला लागते. दोन्ही एन्झाइमे एकच काम करतात, तरी त्यांच्या खोबणीतल्या अमिनो आम्लांत थोडे फरक आहेत, आणि ट्रायमेथोप्रिम त्या फरकांवर बसते.

ट्रायमेथोप्रिमचा परिणाम सल्फापेक्षा लवकर दिसतो. रिडक्टेज बंद पडले तरी थायमिन तयार करणे सुरूच असते, आणि प्रत्येक थायमिनमागे एक टेट्राहायड्रोफोलेट डायहायड्रोफोलेटच्या रूपात अडकते. जीवाणू जितक्या वेगाने वाढत असेल तितक्या वेगाने तो आपलाच साठा निकामी करतो. थायमिन संपले आणि इतर पोषक द्रव्ये भरपूर असली, तर जीवाणू नुसता थांबत नाही, मरतो. सेमोर कोहेन आणि हेझेल बार्नर यांनी १९५४ मध्ये ई. कोलायमध्ये या थायमिनहीन मृत्यूचे वर्णन केले. पेशी वाढत राहते, डीएनएची दुरुस्ती-जुळणी पुरी होत नाही, आणि गुणसूत्राचे नुकसान भरून न येण्याइतके होते. त्याचा नेमका क्रम अजूनही वादाचा आहे.

दोन्ही औषधे एकत्र देण्याची कल्पना साठच्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्षात आली आणि कोट्रायमोक्साझोल बाजारात आले. भारतात सेप्ट्रान आणि बॅक्ट्रिम ही त्याची घरोघर ओळखीची नावे. जोडीदार म्हणून सल्फामेथोक्साझोल निवडले गेले कारण त्याचा शरीरातला मुक्काम ट्रायमेथोप्रिमशी जुळतो. नेहमीच्या गोळीत ट्रायमेथोप्रिम ८० आणि सल्फामेथोक्साझोल ४०० मिलिग्रॅम असते, म्हणजे १:५. ट्रायमेथोप्रिम उतींमध्ये जास्त पसरते, त्यामुळे रक्तात हे प्रमाण १:२० च्या आसपास येते, आणि बऱ्याच जीवाणूंवर जोडीचा परिणाम याच प्रमाणात सर्वाधिक असतो. वेगवेगळी दिल्यास जीवाणूंना बहुधा फक्त रोखणारी ही दोन औषधे एकत्र आली की अनेकदा त्यांना मारतात.

एकाच साखळीत लागोपाठ दोन ठिकाणी अडथळा आला की परिणाम गुणित होतो, हे स्पष्टीकरण दशकानुदशके शिकवले गेले. तर्काच्या कसोटीवर ते लंगडे आहे. पहिली कडी तुटली असेल तर दुसरी तोडून फार काही वाढू नये. २०१८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी यामागचा दुवा दाखवला. फोलेट-मार्गाच्या आरंभी लागणारा टेरिनचा पूर्वगामी रेणू तयार होण्यासाठीही टेट्राहायड्रोफोलेट लागते, म्हणजे मार्ग सरळ नसून फेरा आहे. ट्रायमेथोप्रिममुळे टेट्राहायड्रोफोलेट घटले की टेरिनचा पुरवठा आटतो आणि सल्फाचे काम सोपे होते. सल्फामुळे डायहायड्रोफोलेट घटले की ट्रायमेथोप्रिमला झगडावे लागणारा प्रतिस्पर्धी कमी होतो. दोघे परस्परांना बळ देतात, आणि हे स्पष्टीकरण जुन्यापेक्षा सरस आहे.

डॅप्सोनचा पत्ताही सिंथेज हाच. अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिल येथे गाय फॅगेट यांनी १९४१ पासून प्रोमिन हे त्याचे संयुग कुष्ठरुग्णांना द्यायला सुरुवात केली, आणि पुढे स्वस्त डॅप्सोन गोळी भारतासह सर्वत्र पोचली. शतकानुशतके समाजाबाहेर काढलेल्या रुग्णांना घरी राहून बरे होता येईल, ही शक्यता या गोळीने प्रथमच निर्माण केली. एकटे औषध वर्षानुवर्षे देण्याची किंमत मात्र मोजावी लागली. १९६४ मध्ये मलायातून डॅप्सोन-प्रतिकाराचा पुरावा आला, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिनसह डॅप्सोन अशी बहुऔषधी पद्धत रूढ केली. क्षयावरचे पास, म्हणजे पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, वेगळ्याच युक्तीने काम करते. स्वीडनच्या यॉर्गेन लेमान यांनी ते चाळीसच्या दशकात आणले. सिंथेज त्याला पाबा समजून स्वीकारते, पुढचे एन्झाइमही फसते, आणि तयार होणारे बनावट फोलेट शेवटी रिडक्टेजला रोखते.

सल्फाविरुद्धचा प्रतिकार फार लवकर दिसला. परम्याचा जीवाणू दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच दाद देईनासा झाला. काही जीवाणू पाबाचे उत्पादन वाढवतात, काही सिंथेजमध्ये एखाद-दुसरे अमिनो आम्ल बदलतात. पण जगभर पसरलेला प्रतिकार मुख्यतः उसन्या जनुकांचा आहे. सल१, सल२ आणि सल३ ही जनुके असे सिंथेज तयार करतात ज्याच्या खोबणीत फेनिलअॅलनिन आणि ग्लायसिन ही दोन अमिनो आम्ले जादा घातलेली असतात. २०२३ मध्ये त्यांची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की जादा आलेले फेनिलअॅलनिन नेमके सल्फाच्या बाहेर डोकावणाऱ्या भागाच्या आड येते, पाबाला मात्र आत जाऊ देते. चौथे, सल४, २०१७ मध्ये भारतातील प्रदूषित नदीच्या गाळातून नोंदवले गेले. ट्रायमेथोप्रिमच्या बाबतीत डीएफआर जनुकांचा मोठा परिवार औषधाला न जुमानणारे पर्यायी रिडक्टेज पुरवतो, तर स्टॅफिलोकॉकसला एकाच जागी, ९८ व्या स्थानी, फेनिलअॅलनिनऐवजी टायरोसिन आणले तरी पुरते. काही जीवाणू थायमिन बनवणेच सोडून बाहेरच्या थायमिडिनवर जगतात. दीर्घकाळ उपचार घेणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत ते आढळतात.

ही जनुके प्लास्मिडवर आणि इंटेग्रॉनवर इतर औषधांच्या प्रतिकाराच्या सोबतीने बसलेली असतात. याचा अर्थ असा की कोट्रायमोक्साझोल कोणी घेतले नाही तरी दुसऱ्या एखाद्या औषधाच्या वापरातून त्यांची निवड होत राहते. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात सल्फा औषधांच्या चिठ्ठ्या ९७ टक्क्यांनी घटल्या, तरी लंडनच्या रुग्णालयातील ई. कोलायमधला सल्फा-प्रतिकार कमी झाला नाही, उलट किंचित वाढला. औषध थांबवले की प्रतिकार आपोआप ओसरतो या समजुतीला हा मोठा धक्का होता. भारतात १९९२ मध्ये उद्भवलेल्या ओ१३९ प्रकारच्या पटकीच्या जीवाणूत सल्फामेथोक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम या दोहोंचा प्रतिकार एकाच फिरत्या जनुक-खंडावर सापडला, आणि त्याला नावही या औषधांवरूनच एसएक्सटी असे मिळाले. विषमज्वरात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल एकदमच हातचे गेले. गेल्या काही वर्षांत भारतातील विषमज्वराच्या जीवाणूंमध्ये कोट्रायमोक्साझोलची संवेदनशीलता पुन्हा बरीच परतली आहे. लंडनमध्ये जे झाले नाही ते इथे झाले, आणि तिथल्या ई. कोलाय व इथल्या साल्मोनेला यांच्या प्लास्मिडांची वाटचाल वेगळी असणे हे त्याचे संभाव्य कारण.

दुष्परिणामांचे दोन प्रकार वेगळे काढता येतात. पहिला फोलेटशी जोडलेला आहे. जास्त मात्रा, दीर्घ उपचार, कुपोषण, गरोदरपण अशा स्थितीत ट्रायमेथोप्रिम मानवी रिडक्टेजलाही थोडेसे रोखते आणि रक्तपेशी घटतात. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत ते टाळले जाते, कारण गर्भाच्या मज्जानलिकेच्या घडणीला फोलेट लागते. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल देणे ही गंभीर चूक आहे: अस्थिमज्जा कोलमडून रुग्ण दगावू शकतो. दुसऱ्या प्रकाराचा फोलेटशी संबंध नाही. सल्फामुळे त्वचा सोलून निघणारा स्टीव्हन्स-जॉन्सन आजार, जी-६-पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्यांत तांबड्या पेशी फुटणे, नवजात अर्भकात बिलिरुबिन मेंदूत शिरणे हे त्यातले गंभीर. ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडात सोडियमची वाट अडवते, त्यामुळे रक्तातले पोटॅशियम वाढते, आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्या वृद्धांत ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. डॅप्सोनची तीव्र अतिसंवेदनशीलता एचएलए-बी*१३:०१ या जनुक-प्रकाराशी निगडित असल्याचे २०१३ मध्ये चीनमधील कुष्ठरुग्णांच्या अभ्यासात दिसले.

स्वस्त, तोंडाने घेता येणारे, सहज साठवता येणारे औषध म्हणून कोट्रायमोक्साझोलने गरीब देशांत मोठे काम केले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९८८ मध्ये खेड्यातल्या प्रशिक्षित आरोग्यसेवकांकडून आणि दायांकडून बालकांतील न्यूमोनियाची ओळख करून कोट्रायमोक्साझोल देण्याचा प्रयोग सुरू केला. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याच्या आसपास राहिले, आणि १९९० मध्ये हे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. डॉक्टर नसलेल्या गावात प्रतिजैविक सुरक्षितपणे देता येते, याचा हा भक्कम पुरावा ठरला. पुढे प्रतिकार वाढल्याने न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिनला पसंती मिळाली. झांबियात एचआयव्हीबाधित बालकांना रोज कोट्रायमोक्साझोल दिल्यावर मृत्यू ४३ टक्क्यांनी घटल्याचे २००४ मध्ये दिसले. न्यूमोसिस्टिस ही बुरशी आहे, तरी फोलेट स्वतःच बनवते, आणि तिच्यामुळे होणाऱ्या न्यूमोनियावर हेच आजही पहिले औषध. मेलिऑइडोसिसचा महिनोन्‌महिने चालणारा दुसरा टप्पा, नोकार्डिया, स्टेनोट्रोफोमोनास आणि त्वचेवरचा एमआरएसए यांतही त्याचे स्थान टिकून आहे. साध्या मूत्रसंसर्गात मात्र स्थानिक ई. कोलायचा अहवाल पाहिल्याशिवाय ते वापरणे आता योग्य नाही.

नव्या औषधांची वाट अवघड गेली. आयक्लाप्रिम हे ट्रायमेथोप्रिम-प्रतिकारक रिडक्टेजवरही चालणारे औषध अमेरिकेत २००९ आणि २०१९ अशा दोन्ही वेळा मान्यतेत अडले. संशोधकांचे लक्ष आता दोन दिशांना आहे. एक, सिंथेजमधली पाबाची नव्हे तर टेरिनची जागा अडवणारे रेणू. ही जागा जीवाणूंमध्ये फारशी बदलत नाही आणि सल जनुकांच्या जादा अमिनो आम्लांचा तिच्याशी थेट संबंध येत नाही. दोन, टेरिनला पायरोफॉस्फेट जोडणारे त्याआधीचे एन्झाइम. तेही माणसात नाही, त्याची स्फटिकरचना ठाऊक आहे, आणि त्याला घट्ट धरणारे रेणू प्रयोगशाळेत तयार झाले आहेत. जीवाणूच्या आवरणातून ते पुरेशा प्रमाणात आत शिरत नाहीत, हा सध्याचा मुख्य अडसर आहे.